दोनदा बारीक केलेला ठिपका

बारा वर्षांपूर्वी कॅलेंडरच्या सीझनमध्ये मी छपाईच्या एकाच प्लेटला दोन कर्व्ह लावले, आणि दोष आमच्या मशीनमनच्या, परबमामांच्या, डोळ्यांचा आहे असं सांगितलं.

यातली पहिली चूक धंद्यातली. ती कुणाच्याही हातून होते. दुसरीला धंद्याचं निमित्त देता येत नाही. तरी इतकी वर्षं मी स्वतःला पहिलीबद्दलच टोचत आलो, कारण ती टोचायला सोपी होती. चार मित्रांत बसलो की तो किस्सा मी रंगवून सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. किस्सा कुठे थांबवायचा हे मला पाठ आहे. मामांचं नाव यायच्या जरा आधी.

यंदा तो सीझन परत आला. घाटकोपरच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत ऋतू आकाशाकडे बघून कळत नाहीत, कामाकडे बघून कळतात. पितृपक्ष संपत आला की लोकांना पुढचं वर्ष आठवतं आणि सगळे एकदम फाइली पाठवतात. बाहेर पाऊस आटपलेला असतो, गाळ्याचा पत्रा तापलेला असतो, आत शाई, रॉकेल आणि गोंदाच्या पाण्याचा वास तीन पंखे मिळून इकडून तिकडे फिरवत असतात. पुढच्या वर्षीचे सण आमच्याकडे ऑक्टोबरातच उरकतात. संक्रांत, होळी, गणपती, सगळे एकाच थप्पीत वाळत पडलेले. माझी आई विचारायची, रोज देवाचे फोटो छापता, मग तुम्हाला पुण्य किती मिळत असेल. मी म्हणायचो, रद्दी वजा जाता बरंच.

तर परवा, नवरात्रातल्या मोरपिशी दिवशी, बाइंडिंगमधली शैला साडीचा पदर पुढे करून माझ्या टेबलापाशी आली. आमच्याकडच्या बायका नऊ दिवसांचे नऊ रंग अगदी शिस्तीत पाळतात. ज्या दिवसाचा जो रंग, त्या दिवशी तो नसला तर दुपारच्या फोटोत मागच्या रांगेत उभं राहावं लागतं.

"मिलिंददादा, हा मोरपिशी धरायचा का? ही सुनंदा म्हणते रामा कलर आहे."

मी पदराकडे बघितलं. पंचवीस वर्षं रंगाच्या धंद्यात आहे, बरं का. मी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणालो, "थांब, मोबाइलवर फोटो काढून बघूया."

शैलाने पदर मागे घेतला. "राहू दे. परबमामा असते तर इथून तिथे बघून सांगितलं असतं."

ती गेली. मी मोबाइल हातात धरून तसाच उभा राहिलो. मोबाइलमध्ये मोरपिशी पदर नव्हता, घाईत काढलेला माझाच अंगठा होता.

मामा खरंच तिथून सांगायचे. चार रंगांच्या मोठ्या मशीनवर उभे असायचे, कानाला लावलेली पेन्सिल, बोटांना कायम निळी कड. बायका मशीनच्या अलीकडे रांगेने थांबायच्या. मामा एकीकडे शीट ओढून बघत बघत, मान न वळवता, डोळ्याच्या कोपऱ्यातून निकाल द्यायचे. "ह्यो मोरपिशी. ह्यो नाय, हेच्यात पिवळो जास्त. तुझो चलात, पण उन्हात जाव नको." मालवणातून वयाच्या सतराव्या वर्षी आलेला माणूस, चाळीस वर्षं भांडुपला राहिला, पण बोलणं गावचंच. सुनंदाला एकदा त्यांनी सांगितलं होतं, तुझी साडी सकाळी मोरपिशी होती, आता ट्यूबलाइटखाली निळी झाली, फोटो खिडकीत काढा. काढला. फोटोत ती मोरपिशी आली.

आता कर्व्हचं सांगतो. नाहीतर मी काय पाप केलं ते कळायचं नाही, आणि पाप कळलं नाही तर लेखाचा उपयोग काय.

छापलेला फोटो भिंगातून बघा. सगळे ठिपके असतात. गडद जागी मोठे, फिक्या जागी बारीक. हे ठिपके आधी ॲल्युमिनियमच्या प्लेटवर उमटवायचे, मग प्लेटवरून रबरावर, रबरावरून कागदावर. या प्रवासात शाई दाबली जाते आणि ठिपका फुगतो. प्लेटवर हरभऱ्याएवढा दिला तर कागदावर वाटाण्याएवढा येतो. मग करायचं काय, तर तो फुगणार हे धरून प्लेटवर आधीच बारीक द्यायचा. इडलीचं पीठ रात्रभर फुगून येणार म्हणून आपण पातेलं अर्धंच भरतो, तसंच. किती टक्क्यांच्या ठिपक्याला किती बारीक करायचं, याचा जो आलेख असतो त्याला आम्ही कर्व्ह म्हणतो. मशीन, शाई, कागद, प्लेट, काहीही बदललं की तो नव्याने काढावा लागतो. शून्यापासून शंभरापर्यंतच्या ठिपक्यांची पट्टी छापायची, मीटरने मोजायची, आकडे कॉम्प्युटरला द्यायचे.

त्या वर्षी आमच्या मालकीणबाई सुलभाताईंनी मला अंधेरीच्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. थंडगार हॉल, टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्या, भिंतीवर आलेख. दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट दिलं. मी ते लॅमिनेट केलं. नुसतं लॅमिनेट केलं नाही, कडेला सोनेरी बॉर्डर छापून घेतली, ऑफिसच्याच कागदावर. आणि सोमवारी गाळ्यात शिरल्या शिरल्या मामांना ऐकवलं, की आता डोळ्यांवर काम करायचे दिवस गेले. यापुढे सगळं आकड्यांवर.

मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "बरा झाला. माका सुट्टी." त्या दिवसापासून ते मला 'मीटर' म्हणायला लागले. "ए मीटर, चाय घेतलंस?" "मीटर, तुझी प्लेट वाकडी बसता." मला वाटायचं त्यांना हेवा वाटतोय.

पट्टी त्यांनीच छापून दिली. अतिशय निगुतीने. रबर धुतलं, शाई एकसारखी होईपर्यंत कितीतरी शीट जाऊ दिल्या, मग मधलीच एक ओढून माझ्या हातात ठेवली. मी दुपारभर मीटर टेकवून आकडे घेतले. संध्याकाळी नवीन कर्व्ह तयार. आलेख इतका सुंदर आला होता की मी त्याचा फोटो काढून बायकोला पाठवला. तिने विचारलं, हे शेअर मार्केट का?

"आता ह्यो कर्व्ह लावून एक प्लेट काढ," मामा म्हणाले. "ती छापून बघूया. मगे काम लाव."

"कशाला मामा? मोजलंय सगळं. मीटर खोटं बोलत नाही."

"मीटर नाय बोलणा रे. मीटर वाचणारो बोलता."

ती एक प्लेट मी काढली नाही. काढली असती तर अर्ध्या तासात सगळं कळलं असतं. त्या ट्रेनिंगमध्येही हेच सांगितलं होतं, तपासणीची प्लेट काढल्याशिवाय कर्व्ह वापरू नका. पण ते सांगितलं तेव्हा मी पेपरमिंटची गोळी सोलत होतो. आणि खरं सांगायचं तर मामांनी सांगितलं म्हणूनच काढली नाही. सर्टिफिकेट माझं, आणि प्लेट त्यांच्या सांगण्यावरून काढायची?

झालं होतं असं, की प्लेट काढणाऱ्या मशीनच्या कॉम्प्युटरमध्ये एक जुना कर्व्ह आधीपासून बसलेला होता. मशीन बसवणाऱ्याने तो लावला होता. पट्टीच्या वेळी मी तो आठवणीने बंद केला, आणि काम झाल्यावर सवयीने परत सुरू केला. माझा नवा कर्व्ह होता माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये. म्हणजे ठिपका माझ्याकडे एकदा बारीक झाला, आणि पलीकडे जाऊन परत बारीक झाला. पातेलं अर्धं भरलं आणि त्या अर्ध्याचंही अर्धं केलं.

पहिलं काम लागलं ते मुलुंडच्या एका लोणचीवाल्या बाईंचं कॅलेंडर. बारा महिने, बारा लोणची. फोटो फार देखणे होते. काचेच्या बरणीत तेलाखाली बसलेली कैरी, मोहरीचे दाणे मोजून घ्यावेत असे. बाई स्वतः येऊन प्रूफावर सही करून गेल्या, जाताना मिरचीच्या लोणच्याची एक बरणीही ठेवून गेल्या. त्या बरणीचा वास आठवला की अजून माझ्या तोंडाला पाणी सुटत नाही.

पहिली शीट आली. मामांनी ती खिडकीत नेली, प्रूफाशेजारी धरली. मी जवळच होतो.

"फिकी येता," मामा म्हणाले.

फिकी म्हणजे काय, फेब्रुवारीची कैरी आजारातून उठल्यासारखी दिसत होती. जूनच्या लिंबाला कुणीतरी वाईट बातमी सांगितली होती.

"प्लेट बघ रे मीटर. माका प्लेटीत वाटता."

"मामा, प्लेट मोजलेली आहे."

प्लेट मोजलेली नव्हती. पट्टी मोजलेली होती. पण मी ते इतक्या ठामपणे म्हणालो की मला स्वतःलाही पटलं. मामांनी पेन्सिल कानाला लावली आणि मशीनकडे वळले. प्लेट बरोबर आहे म्हटल्यावर मशीनमनच्या हातात एकच उपाय उरतो, शाई वाढवायची. त्यांनी वाढवली. थोडी, मग आणखी थोडी. संध्याकाळपर्यंत कैरीला रंग चढला, प्रूफाच्या जवळ आला. बारीक ठिपक्यांवर जाड शाई चढवून एका माणसाने माझी चूक दिवसभर नुसत्या डोळ्यांनी भरून काढली. मी मनात म्हणालो, बघा, आला ना बरोबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी थप्पी उचलायला गेलो तर शीट एकमेकींना चिकटलेल्या. ऑक्टोबरातली दमट गरमी आणि एवढी जाड शाई, वाळणार कशी? सोडवताना चर्र आवाज यायचा, आणि प्रत्येक शीटच्या कोऱ्या पाठीवर खालच्या शीटवरचं लोणचं उमटलेलं. त्या पाठीवर बाईंच्या पाककृती छापायच्या होत्या. बाईंना बोलवावं लागलं. त्यांनी एक शीट हातात घेतली, बोट फिरवलं, बोटाला लागलेली लाल शाई पदराला लागू नये म्हणून हात लांब धरून तशाच उभ्या राहिल्या. काम परत छापायचं ठरलं.

सुलभाताईंच्या केबिनला काच आहे. त्या आत, मी आत, मामा बाहेर मशीनपाशी चिंधीने हात पुसत होते. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी पुसत होते.

"नेमकं झालं काय मिलिंद? शाई एवढी कशी गेली? मामांच्या हातून असं कधी झालं नव्हतं."

मला तेव्हा दोन कर्व्हचं माहीत नव्हतं, ही माझी बाजू. पण प्लेट मोजलेली नाही, हे पक्कं माहीत होतं. मी म्हणू शकलो असतो, ताई, एकदा प्लेट तपासतो. एवढंच वाक्य होतं. त्याऐवजी मी काचेतून मामांकडे बघितलं आणि आवाज हळू करून, काळजीच्या सुरात म्हणालो, "ताई, मला वाटतं मामांचे डोळे एकदा दाखवून घ्यायला हवेत. वय झालं ना आता."

त्या वाक्यातला तो 'ना' मला आजही ऐकू येतो. ताईंचा चेहरा सैल झाला. कुणालाच रागवायला नको, असं कारण मिळालं होतं. वयाला कोण काय करणार?

दोन दिवसांनी मला सापडलं. प्लेटच्या मशीनवर बसलो होतो, यादीत जुन्या कर्व्हच्या नावापुढे बरोबरची खूण दिसली. मी मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं. माऊसचं बटण एकदा दाबलं. खूण गेली. टिक असा एवढासा आवाज झाला. त्या आवाजापुढे सगळ्या गाळ्यातल्या मशीनी मला बंद पडल्यासारख्या वाटल्या.

आणि मग मी गप्प बसलो. उद्या सांगू, म्हटलं. उद्या दसरा होता, मशीनला झेंडूचे हार घातले होते, मामा नारळ फोडत होते. अशा दिवशी कसं सांगायचं? त्याच्या उद्या रविवार. सोमवारी लोणच्याचं काम परत लागलं. ताईंनी मोठ्या मशीनवर मामांच्या जागी दुपारच्या पाळीच्या इरफानला उभं केलं. नव्या प्लेट, एकच कर्व्ह. तिसऱ्या शीटला रंग जुळला.

माझ्या अपराधाचा सगळ्यात वाईट भाग हा. मी चूक दुरुस्त केली, आणि त्या दुरुस्तीनेच मामांवरचा दोष पक्का झाला. माणूस बदलला आणि रंग आला, सगळ्या गाळ्याने डोळ्यांनी बघितलं. इरफान बिचारा अवघडून म्हणाला, "मामा, प्लेट नवीन आहे म्हणून आली असेल." मामांनी शीट घेतली, खिडकीत नेली. "नाय रे. बरी छापलंस," म्हणाले. शीट जागेवर ठेवली, आपला डबा उचलला आणि मागच्या एकरंगी मशीनपाशी गेले. तिथे बिलबुकं आणि फॉर्म छापले जायचे. काळी शाई, पांढरा कागद.

त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोणी नेलं असेल? मीच. ताईंनी त्यांना सांगितलं होतं, मिलिंदला वाटतंय डोळे दाखवून घ्यावेत. मामा सरळ माझ्याकडे आले. "तुका वाटता तर तूच चल." घाटकोपर स्टेशनजवळचा दवाखाना. डॉक्टरांनी अक्षरं वाचून घेतली, प्रकाश टाकून बघितला. मग एक पुस्तक उघडलं. त्यात रंगीत ठिपक्यांमध्ये आकडे लपवलेले असतात, रंग ओळखता येत नसले तर आकडा दिसत नाही. मामांनी धडाधड सगळे आकडे वाचले. शेवटच्या पानावर थांबले, पुस्तक खिडकीकडे तिरपं केलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "ह्या पान वायट छापलाहा. लाल अर्धो केस सरकलोहा."

डॉक्टर हसले. म्हणाले, "काका, या वयात असे डोळे मला मिळाले तर मी प्रॅक्टिस बंद करून चित्रं काढीन."

मला वाटलं, सुटलो. आता मामा येऊन ताईंना सांगतील, डोळे ठीक आहेत, आणि मग प्लेट तपासा म्हणतील, आणि मग जे व्हायचं ते होईल, मला तोंड उघडावं लागणार नाही. बाहेर आलो. रसवंतीवर त्यांनीच मला रस पाजला. रिकामा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "डोळे बरे हत म्हणता डॉक्टर. म्हणजे डोक्यातच काय तरी बिघाड झालो. दिसता सगळा, पण अदमास गेलो."

मी म्हणालो, "मामा, आलं जास्त घालतो नाही हा?"

खरंच असंच म्हणालो. रसातल्या आल्याबद्दल.

पुढच्या नवरात्रात बायका सवयीने एकरंगी मशीनपाशी रांग लावायला गेल्या. मामा हात वर करून म्हणाले, "माका विचारू नको गो. दुसऱ्याक विचारा." बायकांना वाटलं मामा मस्करी करतायत. शैलाने पदर अगदी त्यांच्या नाकासमोर धरला. मामांनी मान वळवली. मशीनवर त्या वेळी कसलंसं हजेरीपत्रक छापलं जात होतं, नुसत्या रेघा. ते त्या रेघांकडे असे बघत राहिले, जणू त्यातली एखादी इकडची तिकडे होईल. त्यानंतर दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाला ताईंनी शाल दिली. मामींनी विचारलं, हा नेमका रंग कुठला? मामा म्हणाले, "बरो हा." रंग सांगितला नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. सीझनमधलं पहिलं चांगलं कॅलेंडर मशीनमनच्या घरी जातं. मामा निवृत्त झाल्यावरही त्यांच्या घरी ते मी नेऊन देतो, दर वर्षी, न चुकता. भांडुपच्या टेकडीवरची चाळ, शहाण्णव पायऱ्या. मी मोजतो, कारण शेवटच्या पायरीपर्यंत आज सांगायचंच असं ठरवलेलं असतं. मामा कॅलेंडर हातात घेतात. एके काळी हा माणूस कुठलाही छापील कागद हातात आला की आधी खोड काढायचा. लग्नाच्या पत्रिकेत, औषधाच्या खोक्यात, मिठाईच्या डब्यावर. हळदीकुंकवाला मिळालेल्या वाणाच्या पिशवीवर लाल वाहवलाय म्हणून त्यांनी मामींना ती परत करायला लावली होती म्हणे. आता ते कॅलेंडर लांब धरतात, म्हणतात, "छान हा," आणि खिळ्याला अडकवतात. बारा वर्षं, बारा कॅलेंडरं, एकही खोड नाही. मला कुणी बारा वर्षं शिव्या दिल्या असत्या तर मी त्याचेही किस्से केले असते. 'छान हा'चा किस्सा होत नाही.

यंदा आमच्याकडे प्लेट पुरवणारी कंपनी बदलली. म्हणजे परत पट्टी, परत मीटर, परत कर्व्ह. आता मी तपासणीची प्लेट काढतो. एक नाही, दोन काढतो. लोक हसतात. परवा शैला पदर मागे घेऊन गेल्यावर मी टेबलाचा खालचा खण उघडला. खणाच्या तळाशी कागद अंथरलेला आहे. बारा वर्षांपूर्वी मीच अंथरला, छापील बाजू खाली करून. ती लोणच्याची पहिली, फिकी शीट. फेकायचं धाडस झालं नाही आणि दाखवायचंही. उलटी करून बघितली. कैरी अजून आजारीच होती.

रविवारी सकाळी गेलो. मामा गॅलरीत पेपर वाचत बसले होते. मामी बाजाराला निघायच्या तयारीत, दारात चपला, हातात मासळीची प्लास्टिकची पिशवी. मी यंदाचं कॅलेंडर दिलं.

"छान हा," मामा म्हणाले, आणि खिळ्याकडे हात नेला.

"मामा, थांबा. आणखी एक आहे." मी ती जुनी शीट पुढे केली, आणि सांगितलं. मी हे बोलणं वर्षानुवर्षं मनात घोळवलं होतं, त्यात चांगली वळणं होती, दोन ठिकाणी हशा होता. प्रत्यक्षात चार वाक्यांत संपलं. प्लेट मोजली नव्हती. कर्व्ह दोन लागले होते. दोन दिवसांनी मला कळलं होतं. तुमच्या डोळ्यांचं मीच सांगितलं.

मामांनी हात पुढे केला.

"भिंग आसा?"

खिशात होतं. दिलं. ते शीट घेऊन कठड्यापाशी उजेडात गेले, वाकले, भिंग कैरीवर टेकवलं. निळी कड आता बोटांवर नव्हती, पण भिंग धरायची पद्धत तीच. बराच वेळ वाकून होते. मी त्यांच्या मानेकडे बघत होतो.

"ठिपको बारीक हा," ते म्हणाले. माझ्याशी नाही, कागदाशी. "मशीन ठिपको मोठो करता. बारीक कधीच करणा नाय. बारीक इलो म्हणजे प्लेटीतच व्हतो. ह्या माका कोणी शिकवूक नको व्हता."

"हो मामा."

"त्या दिवशी भिंग खिशातच व्हता माझ्या. तू म्हटलंस प्लेट मोजलीहा, म्हणान लावूक नाय. आणि मगे तू म्हटलंस डोळे गेले." ते सरळ झाले. "गेलेल्या डोळ्यांका भिंग कित्याक लावतलंय मी?"

मी वाट बघत होतो. एक कानाखाली बसली असती तरी चाललं असतं, जाऊ दे म्हणाले असते तरी चाललं असतं. मामांनी यातलं काहीच केलं नाही. खिळ्याजवळ ठेवलेलं यंदाचं कॅलेंडर त्यांनी उचललं, उजेडात आणलं आणि त्याच्यावर भिंग टेकवलं. जानेवारी. फेब्रुवारी. मार्चला थांबले. बोटाने कोपरा खरवडला.

"हेच्यात पिवळो चढलोहा," म्हणाले. "आणि काळो सरकलोहा. असली छपाई घेऊन इलंस माझ्या घरी?"

बारा वर्षांत पहिल्यांदा.

मामी इतका वेळ दारात उभ्या होत्या. एक चप्पल पायात, एक बाहेर. आमचं बोलणं त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत आल्या.

"बारा वर्षां," त्या म्हणाल्या. "बारा वर्षां मी माशाचे कल्ले उघडून बघतंय. ह्यो माणूस लांबसून रंग बघून सांगायचो, सुरमई ताजी की शिळी. आणि आता माझ्या मागसून पिशवी धरून हुभो रवता. कोळीण विचारता, काका काय म्हणतत? तर काका म्हणतत, हिका विचार."

मी म्हणालो, "मामी, माझं चुकलं."

त्यांनी ती पिशवी माझ्या हातात कोंबली.

"चल आता बाजारात. मासळी हे बघतले. तू पिशवी धर आणि गप रव. तुका कायएक दिसणा नाय."